स्मारक जाहीर झालं, तरी आत युरेनियमची खाण चालू कशी? हरकत नेमकी कुठे घ्यायची?

रानवाट:

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनच्या आसपासच्या सरकारी जमिनीवर ८ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय स्मारक (म्हणजे संरक्षित क्षेत्र) जाहीर झालं, 'बाज न्वाव्जो इताह कुक्वेनी'. सुमारे ९ लाख १७ हजार एकर. नावाचा पहिला अर्धा भाग हावासुपाई जमातीच्या भाषेतला, दुसरा होपी जमातीच्या. मिळून अर्थ असा की इथे मूळचे लोक वावरतात, इथे आमच्या पूर्वजांच्या पाऊलखुणा आहेत. घोषणा झाली ती रेड ब्यूट डोंगराच्या परिसरात, आणि हा डोंगर हावासुपाईंना पवित्र. त्याच डोंगरापासून काही मैलांवर, स्मारकाच्या हद्दीत, पिन्यन प्लेन नावाची युरेनियमची खाण आहे. घोषणेला सहा महिने व्हायच्या आत तिथून खनिज निघू लागलं.

हे कसं काय? ऑनलाइन सह्यांच्या मोहिमा पुष्कळ दिसतात. त्यात सही करून काही होतं, की हरकत घ्यायची जागा दुसरीकडेच आहे? लिहायची तर त्यात काय असावं, काय नसावं, जाणकारांनी सांगावं. भावनिक निबंध नकोत. कागद कुठे अडवता येतो ते हवंय.

कायदेकानू:

स्मारक झालं की दार बंद होतं ते नव्या दाव्यांसाठी. आधीच आत येऊन बसलेला आतच राहतो. हा घोळ समजायला १८७२ च्या खाणकायद्यापर्यंत मागे जावं लागतं. तो आजही लागू आहे.

त्या कायद्यानुसार खुल्या सरकारी जमिनीवर खनिज सापडलं असं वाटलं की खुंट्या ठोकायच्या, ९० दिवसांत काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे (सरकारी जमीन सांभाळणारी संघीय संस्था, पुढे नुसतं 'ब्यूरो') नोंद करायची, झाला तुमचा क्लेम, म्हणजे खनिजावरचा दावा. लोड प्रकारचा, म्हणजे खडकातल्या खनिजावरचा, एक क्लेम जास्तीत जास्त १५०० बाय ६०० फूट, म्हणजे २०.६६ एकर. दरवर्षी १ सप्टेंबरपर्यंत प्रत्येक क्लेममागे २०० डॉलर भरायचे (२०२४ पूर्वी १६५ होते). दहा किंवा कमी क्लेम असलेल्या छोट्या खाणवाल्याला फी माफ होऊ शकते, पण मग त्याला जमिनीवर तेवढं काम दाखवावं लागतं. रॉयल्टी शून्य. सरकारी जमिनीतून तेल, वायू, कोळसा काढणारा सरकारला हिस्सा देतो, युरेनियम काढणारा छदामही देत नाही.

जमीन या कायद्यातून बाहेर काढायच्या दोन वाटा इथे वापरल्या गेल्या. पहिली १९७६ च्या जमीन व्यवस्थापन कायद्याची. गृहखात्याचा (अमेरिकेत हे खातं पोलीस नाही, सरकारी जमीन सांभाळतं) मंत्री ५,००० एकरांच्या वरचं क्षेत्र जास्तीत जास्त २० वर्षांसाठी नव्या क्लेमना बंद करू शकतो. जुलै २००९ मध्ये नोटीस निघाली, दोन वर्षं नवे क्लेम थांबले, आणि ९ जानेवारी २०१२ ला तेव्हाचे मंत्री केन सालाझार यांनी दहा लाख एकरांवर २० वर्षांची बंदी घातली. खाणवाल्यांची संघटना कोर्टात गेली, नवव्या सर्किटने (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीचं संघीय अपील कोर्ट) २०१७ मध्ये बंदी कायम ठेवली. दुसरी वाट १९०६ च्या पुरातन वास्तू कायद्याखाली राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेलं स्मारक. याला मुदत नाही.

दोन्ही कागदांत एक वाक्य सारखं आहे: आधीपासूनचे वैध हक्क अबाधित. सगळी मेख तिथे.

बरेच विरोधकही इथे चुकतात, म्हणून नीट सांगतो. फी भरलेला क्लेम आणि वैध क्लेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैध ठरायला 'शोध' लागतो, म्हणजे शहाणा माणूस पैसे आणि श्रम घालेल आणि त्याला नफा मिळण्याची वाजवी शक्यता असेल इतकं खनिज. ही कसोटी १८९४ च्या निवाड्यातली आहे, आणि बाजारात नफ्याने विकलं जाईल का हा भाग सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये पक्का केला. शोध जमीन बंद झाली त्या तारखेलाही असायला हवा आणि तपासणीच्या वेळीही टिकायला हवा. त्यासाठी खनिज परीक्षक नमुने घेतो आणि हिशेब मांडतो: भाव, खोदाई, वाहतूक, मिलचा (खनिजातून युरेनियम वेगळं करणाऱ्या कारखान्याचा) खर्च, शेवटी जमीन पूर्ववत करण्याचा खर्च. खनिज पुढेमागे महाग होईल ही आशा या हिशेबात चालत नाही. परीक्षा झाली तर बरेच क्लेम गळतील असे असतात. पण परीक्षा आपोआप होत नाही. कंपनी कामाचा आराखडा घेऊन आली की होते.

पिन्यन प्लेन (पूर्वीचं नाव कॅन्यन माइन) या परीक्षेत २०१२ मध्ये पास झाली. विरोधकांनी कोर्टात सांगितलं की आधी घातलेला खर्च हिशेबात धरला असता तर नफा दिसला नसता. नवव्या सर्किटने २०२२ मध्ये म्हटलं, बुडीत खर्च धरायची गरज नाही. यातून घ्यायचा धडा असा की कंपनीने एकदा शेड, तळं, शाफ्टचं (खाली जाणाऱ्या उभ्या बोगद्याचं) तोंड बांधलं की उरलेला खर्च कमी दिसतो आणि क्लेम वैध ठरायला सोपा जातो. लढा खुंट्या आणि पहिल्या बोअरच्या वेळी सोपा असतो. शाफ्ट झाल्यावर फार अवघड.

पाणाड्या:

कायद्याचं वर आलंच आहे, मी जमिनीखालचं सांगतो. हरकतीला धार येते ती तिथून.

तिथलं युरेनियम सपाट थरात पसरलेलं नाही. खोल रेडवॉल चुनखडीत पाण्याने पोकळ्या झाल्या, त्यांची छतं कोसळली, मग वरचे थर कोसळले, असं होत होत एक उभी नळी तयार झाली, आत तुटक्या दगडांचा भरणा. हिला ब्रेशिया पाइप म्हणतात. व्यास साधारण ३०० फूट, उंची ३,००० फुटांपर्यंत असू शकते. खनिजयुक्त पाण्यातून युरेनियम त्या भरण्यात येऊन बसलं. सोबत पायराइट, आर्सेनिक, निकेल, कोबाल्ट, तांबं. नळी अरुंद असल्याने वर जागा कमी लागते. पिन्यन प्लेनचं आवार फक्त १७ एकरांचं. एवढ्याशा जागेने काय होणार, हा कंपनीचा आवडता मुद्दा. पण शाफ्ट सुमारे १,४७० फूट खाली गेलाय. एकर मोजण्यात अर्थ नाही, खोली मोजा.

खाली पाण्याच्या दोन मजली व्यवस्था आहेत. वरचा, कोकोनिनो वाळूखडकातला टांगता जलधर (पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर). त्याखाली पाणी सहज न सोडणारे जाड थर. आणि साधारण ३,००० फुटांवर रेडवॉल-मुआव चुनखडीचा मोठा जलधर. हावासू झरे त्यातून फुटतात. सुपाई गाव, तिथली शेती, तो प्रसिद्ध निळाहिरवा ओढा आणि धबधबे, सगळं त्या झऱ्यांवर. जमातीच्या नावाचाच अर्थ निळ्याहिरव्या पाण्याची माणसं. गावाला दुसरा पाण्याचा आधार नाही.

कंपनी म्हणते, मधले थर घट्ट आहेत, पाणी खाली जाणार नाही. यावर दोन प्रश्न विचारायचे. एक, ही नळी तयार झालीच मुळी ते सगळे थर फोडून. ती आज सिमेंटसारखी घट्ट आहे हे कुठल्या खोलीवर, किती चाचण्यांनी दाखवलं? दोन, भेगा आणि भ्रंशांचं काय? चुनखडीत पाणी झिरपत नाही, वाटा धरून पळतं. उत्तरेकडच्या कायबॅब पठारावर विवरांत रंग टाकून चाचण्या झाल्या, तो रंग कित्येक मैलांवरच्या झऱ्यांत निघाला. पंचवीस वर्षांत पाणी अमुक फूट सरकेल असा सरळ रेषेतला हिशेब तिथे लागू पडत नाही.

आता रसायन. जमिनीत बंद असताना तिथे ऑक्सिजन पोचत नाही, आणि त्या स्थितीतलं युरेनियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून तर कोट्यवधी वर्षं ते जागच्या जागी आहे. शाफ्ट खोदला की हवा आत जाते. युरेनियमचं ऑक्सिडीकरण होतं, ते विरघळणाऱ्या रूपात येतं आणि चुनखडीच्या पाण्यातल्या कार्बोनेटला चिकटून पाण्याबरोबर चालू लागतं. पायराइट गंजतं आणि आर्सेनिक मोकळं होतं. खाण चालू असताना पंप पाणी ओढत असतात, त्यामुळे ओढा खाणीकडे असतो आणि विहिरींतले आकडे छान दिसतात. खरी परीक्षा पंप बंद करून शाफ्टमध्ये पाणी भरू दिल्यावर. म्हणून 'चालू असताना प्रदूषण आढळलं नाही' हे वाक्य आलं की लगेच विचारायचं, बंद झाल्यावर किती वर्षं मोजणार आणि कोणाच्या पैशाने?

अंदाज किती चुकतो याचा नमुना याच खाणीत आहे. १९८६ च्या पर्यावरण अहवालावर परवानगी मिळाली. २०१६-१७ मध्ये शाफ्टने वरचा जलधर फोडला आणि पाणी धो धो आलं. २०२१ पर्यंत सुमारे ४.९ कोटी गॅलन, म्हणजे साडेअठरा कोटी लिटर उपसावं लागलं. ते तळ्यात साठवलं, फवारे मारून हवेत उडवलं, काही टँकरने बाहेर नेलं. कोरड्या पठारावर हे पाणी वाया गेलंच, शिवाय खनिजाला शिवून आलेलं असल्याने त्यात युरेनियम आणि आर्सेनिक.

अजून एक जुना पुरावा. नॅशनल पार्कच्या दक्षिण कड्यावरच १९५६ ते १९६९ ऑर्फन माइन चालली. तिच्या खालच्या हॉर्न क्रीकचं पाणी पिऊ नका असं पार्क आजही पदभ्रमण करणाऱ्यांना सांगतं. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची संघीय मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, आर्सेनिकची १०. अहवाल वाचताना हे दोन आकडे डोक्यात ठेवा.

रानवाट:

दोघांचेही आभार. पण एक कळलं नाही. जागा पवित्र आहे हे सरकारनेच मान्य केलंय, मग धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर खाण का थांबत नाही? नुसता पाण्याचा मुद्दा घ्यायचा म्हणजे मूळ गोष्ट बाजूलाच राहिली.

दस्तऐवज:

कारण कोर्टांनी ते दार जवळपास लावून घेतलंय. १९८८ च्या 'लिंग' (Lyng, पक्षकाराचं आडनाव) खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सरकार स्वतःच्या जमिनीचं काय करतं यावर धर्माच्या आधारे बंधन घालता येत नाही, त्याने ती उपासना उद्ध्वस्त होत असली तरी. हावासुपाईंनी याच खाणीविरुद्ध केलेला दावा १९९० मध्ये या निवाड्यावरच आपटला. १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याकडून आशा होती. पण ॲरिझोनातल्याच ओक फ्लॅट या अपाची लोकांच्या पवित्र जागेवरच्या तांब्याच्या खाणीबाबत त्यांचं म्हणणं नवव्या सर्किटने २०२४ मध्ये फेटाळलं आणि २७ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला. अन्याय आहेच. तरी फक्त त्यावर भिस्त ठेवून हरकत लिहू नका.

पवित्रतेचा मुद्दा कागदावर टिकतो तो १९६६ च्या ऐतिहासिक वारसा कायद्याच्या १०६ व्या कलमातून. परवानगी देण्याआधी एजन्सीने वारसास्थळांवरचा परिणाम तपासायचा आणि संबंधित जमातींशी सल्लामसलत करायची. डोंगर, झरा, वाट, औषधी वनस्पतींची जागा, हे सगळं 'पारंपरिक सांस्कृतिक स्थळ' म्हणून त्यात बसू शकतं. तिथे बांधकामाचे अवशेष असायलाच हवेत असं नाही.

पण क्रम चुकला की पाणी फिरतं. रेड ब्यूटला वनखात्याने असं स्थळ म्हणून मान्यता दिली ती २०१० मध्ये. खाणीची परवानगी १९८६ ची. खाण पुन्हा सुरू होताना १०६ ची प्रक्रिया नव्याने करा अशी जमातीची मागणी होती. कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं, मूळ परवानगी संपलेली नाही, नवीन निर्णय झालेला नाही, त्यामुळे नवी प्रक्रियाही नाही. तीस वर्षांपूर्वीचा कागद जिंकला.

उलट उदाहरण न्यू मेक्सिकोतल्या माउंट टेलरचं. अकोमा, लगुना, झुनी, होपी आणि नवाहो या जमातींनी पुढचे प्रस्ताव रांगेत असतानाच डोंगराची नोंद राज्याच्या यादीत करून घेतली, २००९ मध्ये. चार लाख एकरांच्या वर. खाणवाले आणि जमीनमालक कोर्टात गेले, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये नोंद बहुतांशी कायम ठेवली (एका जुन्या खासगी जमीन-अनुदानाचा भाग मात्र वगळला). या नोंदीने खाण थांबत नाही, पण प्रत्येक परवान्याला वारसा विभागाचा टप्पा आणि त्याचा वेळ जोडला जातो. खाणीच्या धंद्यात वेळ म्हणजे भाव पडायची संधी. पिन्यन प्लेनच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भाव पडल्यावर वीस वर्षं पडून होती, ती कोर्टाने बंद केलेली नव्हती.

बाहेरच्यांसाठी एक सूचना, आणि ती कडक आहे. पवित्र जागांचे अक्षांश-रेखांश, फोटो, विधींचं वर्णन हरकतीत लिहू नका. सार्वजनिक हरकत म्हणजे सार्वजनिक कागद, उद्या तो कोणीही मागवू शकतो. वारसा कायद्याच्या ३०४ व्या कलमाखाली संवेदनशील माहिती गुप्त ठेवायची सोय आहे, ती जमात आणि एजन्सी आपापसात वापरतात. जमातींशी सल्लामसलत ही सरकार-सरकार पातळीवर होते, आपल्या हरकतींच्या खिडकीतून नाही. आपण एवढंच विचारायचं: सल्लामसलत केव्हा झाली, किती वेळा, तिच्यामुळे आराखड्यात काय बदललं? 'पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही' याला सल्लामसलत म्हणत नाहीत, हे ठामपणे लिहा. जमात काय मानते ते तिच्या परिषदेच्या जाहीर निवेदनातून घ्या, स्वतःच्या शब्दांत रंगवू नका.

चिकित्सक:

वेगळी बाजू. रशियन युरेनियमच्या आयातीवर अमेरिकेने २०२४ मध्येच बंदी घातली. जानेवारी २०२४ मध्ये भाव पौंडाला १०० डॉलरच्या वर गेला होता. अणुवीज हवी आणि खाण नको, असं कसं चालेल? कुठेतरी खोदावं लागेलच ना.

पाणाड्या:

प्रश्न रास्त आहे, आणि हरकतीत याला उत्तर असायलाच हवं. स्मारकाच्या वेळी व्हाइट हाऊसने दिलेला आकडा असा की त्या क्षेत्रात देशातल्या ज्ञात युरेनियम साठ्यांपैकी सुमारे १.३ टक्के साठा आहे. खाणवाले दुसरा आकडा सांगतात. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाचा २०१० चा अंदाज असा होता की बंद केलेल्या जमिनीखाली सुमारे १ लाख ६३ हजार टन युरेनियम ऑक्साइड न सापडलेल्या रूपात असू शकतं, उत्तर ॲरिझोनातल्या अशा अंदाजाच्या १२ टक्के. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. एक सापडलेला साठा मोजतो, दुसरा सांख्यिकी अंदाज, त्यातलं किती परवडेल हे न बघता. कोणी पहिल्या आकड्यासमोर दुसरा टाकला की हा फरक दाखवायचा.

आणि कचरा. खनिजात एक टक्का युरेनियम असलं तरी टनामागे दहा किलो. उरलेले ९९० किलो मिलच्या गाळात जातात आणि मूळ किरणोत्सारापैकी सुमारे ८५ टक्के त्या गाळातच राहतो, कारण थोरियम आणि रेडियम तिथेच उरतात. हा गाळ युटातल्या ब्लँडिंगजवळच्या व्हाइट मेसा मिलमध्ये साठतो, देशात चालू असलेली ती एकमेव पारंपरिक मिल. तिच्यापासून काही मैलांवर यूट माउंटन यूट लोकांची वस्ती आहे. म्हणजे 'कुठेतरी' हे ठिकाण दर वेळी त्याच लोकांच्या दारात येतं. नवाहो भूमीतून १९४४ ते १९८६ मध्ये सुमारे तीन कोटी टन खनिज काढलं, पाचशेहून जास्त सोडून दिलेल्या खाणी अजून तशाच आहेत. १६ जुलै १९७९ ला चर्च रॉकचा बांध फुटून ९.४ कोटी गॅलन किरणोत्सारी पाणी आणि ११०० टन गाळ पुएर्को नदीत गेला. नवाहो राष्ट्राने २००५ मध्ये आपल्या भूमीवर युरेनियम खाणकामाला बंदीच घातली, ती या हिशेबातून.

चिकित्सक:

१.३ आणि १२ चा फरक माहीत नव्हता. मान्य. पण मग सरसकट विरोध म्हणू नका, जागेला विरोध म्हणा.

दस्तऐवज:

तेच म्हणतोय. हरकतीत 'युरेनियम वाईट' हा युक्तिवाद आला की अधिकारी तो 'प्रस्तावाच्या कक्षेबाहेर' या शिक्क्याखाली टाकतो आणि पुढचं पान उलटतो.

रानवाट:

मग आता मुख्य गोष्ट. हरकत लिहायची कशी?

कायदेकानू:

आधी सह्यांबद्दल. दहा हजार एकसारख्या ईमेलना एजन्सी एकच हरकत मोजते. राजकीय दबावाला त्यांचा उपयोग आहे, पुढे खटल्यात जवळपास नाही. खटल्यात उपयोगी पडतो तो नोंदीत आलेला, नेमका, उत्तर द्यावंच लागेल असा मुद्दा. जो मुद्दा हरकतींच्या काळात कोणीच मांडला नाही, तो नंतर कोर्टात काढायला गेलात की 'तेव्हा का नाही बोललात' हे उत्तर मिळतं.

सूचना कुठे येते ते बघत राहायचं. ब्यूरोच्या जमिनीसाठी त्यांचं ई-प्लॅनिंग पोर्टल, वनखात्यासाठी दर तिमाहीची प्रस्तावित कामांची यादी, पाण्याच्या परवान्यासाठी ॲरिझोनाच्या पर्यावरण विभागाच्या जाहीर सूचना. हा शेवटचा टप्पा लोक विसरतात. पिन्यन प्लेनचा जलधर संरक्षण परवाना राज्याने एप्रिल २०२२ मध्ये दिला, तो संघीय प्रक्रियेपेक्षा वेगळा, त्याची हरकतींची मुदतही वेगळी.

पूर्वी मसुदा अहवाल येईपर्यंत थांबायची सवय होती. ती सोडा. एप्रिल २०२५ पासून गृहखात्याने 'ऊर्जा आणीबाणी'च्या नावाखाली १४ दिवसांत पर्यावरण तपासणी उरकायची पद्धत आणली, आणि युटातली व्हेल्वेट-वुड ही युरेनियम खाण मेमध्ये त्याच पद्धतीने मंजूर झाली. सूचना दिसली त्या आठवड्यात लिहून पाठवायची तयारी ठेवा.

आता मजकूर. कच्ची हरकत अशी असते:

'या खाणीमुळे पाणी दूषित होईल, कृपया परवानगी देऊ नये.'

पक्की अशी:

'आराखड्याच्या अमुक पानावर खालच्या जलधरातील प्रवाहाची दिशा दिली आहे. ती किती विहिरींतील पातळ्यांवरून काढली हे दिलेले नाही. एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींशिवाय प्रवाहाची दिशा ठरवता येत नाही, आणि चुनखडीत भेगांमुळे तीनही अपुऱ्या पडू शकतात. विहिरींची संख्या, खोली व मोजणीच्या तारखा द्याव्यात. त्या नसतील तर विहिरी घेऊन किमान एक पूर्ण वर्ष मोजणी होईपर्यंत निर्णय स्थगित ठेवावा.'

पान क्रमांक, नेमकी उणीव, ती का महत्त्वाची, आणि काय करावं. प्रत्येक मुद्द्याला हा साचा. मुद्दे तीन-चार पुरे, वीस कच्चे नकोत. माझ्या मते हमखास भोकं सापडतात ती दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे बंद करण्याची हमी रक्कम. ब्यूरोच्या नियमांनुसार ती बाहेरच्या कंत्राटदाराकडून काम करून घ्यायला लागेल तेवढी हवी, कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांच्या स्वस्त दराने नाही. बंद झाल्यावर पाणी उपसण्याचा आणि मोजण्याचा खर्च त्यात आहे का बघा, बऱ्याचदा नसतो. दुसरं, मर्यादा ओलांडली तर काय? 'कळवले जाईल' एवढंच लिहिलेलं असतं. कोणाला, किती दिवसांत, आणि काम थांबणार की चालू राहणार, हे मागा.

बंद जमिनीतल्या जुन्या क्लेमवर कामाचा आराखडा आला असेल तर वैधता परीक्षा आधी झाली का, तिचा अहवाल कुठे आहे, हेही लिहून विचारा. माहिती अधिकारातून तो मागवता येतो. कायद्याने २० कामाचे दिवस, प्रत्यक्षात महिने, म्हणून अर्ज आजच टाका.

रानवाट:

अमेरिकेबाहेरून, म्हणजे अमेरिकेचा नागरिक नसताना हरकत घेता येते का?

कायदेकानू:

हरकत कोणीही पाठवू शकतो. खटला भरायचा तर मात्र स्वतःचं ठोस नुकसान दाखवावं लागतं, उदाहरणार्थ त्या जागेचा प्रत्यक्ष वापर. नुसती आस्था पुरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७२ पासून सांगितलंय. त्यामुळे खटले जमाती आणि स्थानिक सभासद असलेल्या संघटना लढवतात. तुमचा पान क्रमांकासकट मांडलेला मुद्दा नोंदीत असला की तो त्यांच्या वकिलालाही वापरता येतो.

दस्तऐवज:

वाहतुकीचा धागा राहिला. खाणीत अडवता आलं नाही तरी रस्त्यावर अटी लावून घेता येतात, हे २०२४ मध्ये दिसलं. पिन्यन प्लेन ते व्हाइट मेसा सुमारे ३०० मैल, त्यातला मोठा भाग नवाहो भूमीतून. ३० जुलै २०२४ ला पहिले ट्रक निघाले, नवाहोंना आगाऊ कळवलं नव्हतं. नवाहो राष्ट्राचे अध्यक्ष बू नायग्रेन यांनी वटहुकूम काढला, पोलीस पाठवले, पण तोवर ट्रक हद्दीबाहेर गेले होते. कायद्याची अडचण अशी की महामार्ग ८९ आणि १६० जमातीच्या भूमीतून गेले तरी त्यांच्यावरचा वाहतूक अधिकार वादाचा. शेवटी ॲरिझोनाच्या राज्यपाल केटी हॉब्स मध्ये पडल्या, वाहतूक थांबली. जानेवारी २०२५ मध्ये करार झाला: ठरलेला मार्ग आणि वेळा, आगाऊ सूचना, आणि सोडून दिलेल्या खाणींवरचा १० हजार टनांपर्यंतचा कचरा कंपनीने उचलून न्यायचा. ट्रक त्यानंतर पुन्हा सुरू झाले. कोणाला ही माघार वाटेल. पण कोर्टातल्या तीस वर्षांत जे लेखी मिळालं नव्हतं, ते सहा महिन्यांत मिळालं.

म्हणून हरकतीत वाहतुकीच्या अटींवर वेगळा परिच्छेद ठेवा: ताडपत्री कशी बांधणार, सांडलं तर पहिला पोचणारा कोण, त्याच्याकडे मोजणीयंत्र आहे का, वाटेतल्या गावांना प्रशिक्षण कोण देणार.

चिकित्सक:

पण स्मारकच रद्द झालं तर हे सगळं वाया?

कायदेकानू:

पूर्ण वाया नाही. न्याय विभागाने मे २०२५ च्या मतात म्हटलंय की राष्ट्राध्यक्ष आधीचं स्मारक रद्द करू शकतात. १९३८ च्या त्यांच्याच मताच्या हे उलट आहे, आणि कोर्टाने यावर अजून शिक्का मारलेला नाही. युटातल्या बेअर्स इअर्स स्मारकाचं २०१७ मध्ये ८५ टक्के क्षेत्र कापलं, २०२१ मध्ये परत जोडलं, तो प्रश्नही कोर्टात निकाली न निघताच राहिला. ग्रँड कॅन्यनचा फायदा असा की तिथे दोन कुलपं आहेत. स्मारक गेलं तरी २०१२ ची बंदी जानेवारी २०३२ पर्यंत स्वतंत्रपणे उभी आहे. ती उठवायची तर वेगळा आदेश काढावा लागेल, आणि तो आदेश पुन्हा आव्हान देण्याजोगा. दोघांच्या हद्दी तंतोतंत एक नाहीत, म्हणून तुम्हाला हवा तो तुकडा कुठल्या कुलपात आहे हे ब्यूरोच्या नकाशावर आधी बघून घ्या.

आणि तोवर एक काम घरबसल्या करता येतं. बंद जमिनीवरचा क्लेम फी चुकल्याने एकदा रद्द झाला की तिथे पुन्हा खुंटी ठोकता येत नाही, तो कायमचा जातो. ब्यूरोची खनिज-जमीन नोंद प्रणाली सगळ्यांना खुली आहे. टाउनशिप, रेंज आणि सेक्शन (अमेरिकी जमीन-मोजणीतला पत्ता) टाकून आतले क्लेम आत्ता उतरवून ठेवा. १ सप्टेंबरनंतर काही आठवड्यांनी तीच यादी पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. फी न भरताही एखादा क्लेम 'चालू' दिसत असेल, तर क्रमांकासकट ब्यूरोच्या राज्य कार्यालयाला लिहा.